लायब्ररी शेवटीच का भेटते?

मागच्या शनिवार-रविवारी परतूरला मामाकडे जाऊन आलो. निमित्त घरगुती, भाच्याचा वाढदिवस. पण परत येताना डोक्यात जे घेऊन आलो ते आठवडाभर काही केल्या जाईना. हापिसात बिल्ड चालू असताना तेच, रात्री जेवताना तेच. म्हणून म्हटलं, आज विकांताला लिहून मोकळं व्हावं. थोडं चिडून लिहिलंय, चालवून घ्या. :)

तर आमची ताई (मामेबहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी) भूगोलात पीएचडी करते आहे. विषय: जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा आणि २०१२-१३ चा दुष्काळ. ज्यांना तो दुष्काळ आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षी जालन्यात प्यायच्या पाण्याचेच हाल होते. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांना पाणी घातलं, तरी बागाच्या बागा वाळल्या. शेवटी उभी झाडं तोडून सरपण केलं. मामाची घनसावंगीकडची बाग त्यातच गेली. म्हणजे ताईने विषय पुस्तकातून काढलेला नाही, घरातून काढलाय.

ती एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुट्टीचे काही नाही. गाइडकडे जागा रिकामी मिळाली ती राज्यातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात, घरापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर. विद्यापीठाचं आणि कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही. कारण ही गोष्ट एका विद्यापीठाची नाहीच. ओळखीच्या तीन-चार जणांना फोन करून विचारलं, सगळीकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकलं.

वाढदिवस आटोपला, पोरं झोपली. ताई स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळाने हाक आली.

"अरे, इकडं ये जरा. हे बघ ना, पुन्हा पैसे मागू लागलंय."

बघितलं तर फळबागा आणि भूजलावरचा एक पेपर. वर सारांश, खाली एकोणचाळीस डॉलरचं बटण.

"तुमच्या युनिव्हर्सिटीने घेतलेलं असेल की हे जर्नल."

"असंल. तिथं लायब्ररीत गेल्यावर उघडतं म्हणे."

"आणि घरून?"

"घरून कसं उघडंल? तू पण ना!"

मंडळी, "घरून कसं उघडंल" हे चार वर्षं पीएचडी करणारी बाई म्हणते आहे. मला हसावं की रडावं ते कळेना. मी स्वतः घरून काम करतो. कंपनीचा सगळा कोड, सगळे सर्व्हर घरून उघडतात. नवीन पोरगा जॉइन झाला की पहिल्याच दिवशी त्याला लॅपटॉप, लॉगिन, व्हीपीएन आणि हेल्पडेस्कचा नंबर मिळतो. दुसऱ्या दिवशी लॉगिन चाललं नाही तर त्याचा मॅनेजर आरडाओरडा करतो. आणि इथे एक बाई चार वर्षं संशोधन करते आहे आणि तिला लॉगिन नावाची गोष्ट असू शकते हेच कुणी सांगितलेलं नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, सवय जात नाही. विद्यापीठ जी जर्नल्स विकत घेतं, त्यांची साइट बहुतेक वेळा तुमचा आयपी पत्ता बघते. पत्ता कॅम्पसचा असेल तर दार उघडतं, नसेल तर डॉलरचं बटण दाखवतं. यावरचा उपाय जुना आहे. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं यूजीसीचं केंद्र आहे. त्यांची 'इन्फेड' नावाची सोय आहे. विद्यापीठाने त्यात भाग घेतला आणि विद्यार्थ्याला खातं उघडून दिलं की तो घरून, गावातून, एसटीतून कुठूनही तीच जर्नल्स वाचू शकतो. आपण रोज ज्या सिंगल साइन-ऑनने डझनभर साइट उघडतो, तसलाच प्रकार. ताईच्या विद्यापीठाच्या साइटवर अर्धा तास खणल्यावर त्याचा उल्लेख सापडला. एका पीडीएफ परिपत्रकात, तेही स्कॅन करून तिरकं चढवलेलं. सोमवारी तिने फोन केला. पाच ठिकाणी फिरवल्यावर सहाव्या माणसाने ईमेल मागितला आणि दोन दिवसांत खातं उघडलं. बरोबर वाचलंत, दोन दिवसांत. चार वर्षं जे नव्हतं ते दोन दिवसांचं काम निघालं.

आता पैशाचं बघा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, सहा हजारांवर संस्था. योजना चांगली आहे, मी टाळ्या वाजवतो. पण आमच्या धंद्यात याला म्हणतात, लायसन्स घेतलं आणि युझरला सांगायला विसरले. ६,००० कोटींचं लायसन्स, आणि ओट्यावर बसलेल्या ताईपुढे तेच एकोणचाळीस डॉलरचं बटण.

त्यात आणखी एक मेख आहे. ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात बरीचशी कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित. ती यात आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' ही वेगळी सोय २०१० पासून आहे. वर्षाला काही हजार रुपये भरले की कॉलेजातल्या प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सहा हजारांवर जर्नल्स आणि लाखो ई-पुस्तकं मिळतात. एका गॅदरिंगच्या मांडवाला याहून जास्त खर्च होतो. ताईच्या कॉलेजने पैसे भरलेत का? भरलेत! नॅकच्या फायलीत पावती लावलेली आहे. पासवर्ड मात्र कुणाला वाटले नाहीत.

इथे लगेच ग्रंथपालाला शिव्या घालायचा मोह होतो. मलाही झाला. ताईनेच थांबवलं. म्हणाली, "त्यांना कामून बोलतोस? पद रिकामं हे. चार्ज एका सरांकडं हे. ते वर्ग घेतील, परीक्षेचं बघतील, का हे करतील?" खरं आहे. ज्या खुर्चीवर माणूसच नेमला नाही, त्या खुर्चीला शिव्या देऊन काय उपयोग? शिव्या द्यायच्याच तर ज्यांनी खुर्ची रिकामी ठेवली त्यांना द्या.

आता माझा मुद्दा. मी ताईला सहज विचारलं, की चार वर्षांत विद्यापीठाच्या लायब्ररीशी तुझा संबंध किती वेळा आला? तिने बोटावर मोजून दाखवलं. एकदा प्रवेशाच्या वेळी, कार्डासाठी. एकदा कोर्सवर्कला. तिथे दोन तासांत लायब्ररी फिरवून दाखवली, कपाटं बघितली, संपलं. आणि आता पुढची भेट कधी? प्रबंध द्यायच्या वेळी. साम्य तपासणीचं प्रमाणपत्र घ्यायला, आणि सॉफ्ट कॉपी द्यायला.

म्हणजे प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला लायब्ररी भेटते ती शेवटी, आणि तीसुद्धा पोलीस म्हणून. दहा टक्क्यांच्या आत आहे का? बरं, शिक्का घ्या. नाही? परत जा. वाट चुकली तेव्हा चौकात कुणी नव्हतं, पावती फाडायला मात्र हवालदार हजर.

तुम्ही म्हणाल, नियमच तसा आहे. नियम वाचलाय का? मी वाचला. (रविवारची दुपार त्यात गेली. मामी म्हणत होती, हा आलाय कशाला!) वाङ्मयचौर्याबद्दलचे यूजीसीचे नियम २०१८ चे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर देता येणार नाही. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच नियमांत हेही लिहिलंय, की संस्थेने दर सत्रात याबद्दल जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, आणि साम्य तपासायची साधनं कशी वापरायची, संदर्भ सांभाळायची सॉफ्टवेअरं कशी वापरायची याचं प्रशिक्षण विद्यार्थ्यांना द्यावं. द्यावं! टक्के लक्षात राहिले, प्रशिक्षण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दंड वसूल करणारं कलम चालू, शिकवणारं कलम झोपलेलं.

संदर्भांचं उदाहरण देतो. ताईची संदर्भसूची वर्डमध्ये हाताने टाइप केलेली होती. दोनशेच्या वर नोंदी. गाइडने पद्धत बदलायला सांगितली की सगळ्या स्वल्पविरामांची जागा हाताने बदलायची. हे तिने दोनदा केलंय, प्रत्येक वेळी आठवडा गेलाय. झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००६ पासून आहे. देवनागरी नोंदीही त्यात नीट बसतात. त्या रात्री तीन तास बसून आम्ही साठ-सत्तर नोंदी त्यात चढवल्या. मग एका क्लिकवर सगळी सूची नव्या पद्धतीत गेली. ताई दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हे आधी कामून नाही सांगितलंस?" मला कुठे माहीत होतं की तिला माहीत नाही!

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. तिला १९७१ ची आकडेवारी हवी होती, बागांखाली किती जमीन आणि विहिरी किती याची तुलना करायला. पण १९७१ साली जालना जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आले औरंगाबाद जिल्ह्यातून, आणि परतूर आलं परभणीतून. मंठा, घनसावंगी, बदनापूर हे तालुके तर त्याच्याही नंतरचे. म्हणजे आजच्या आठ तालुक्यांचा जुना आकडा हवा असेल तर दोन जिल्ह्यांच्या जुन्या पुस्तिका काढायच्या, गावांची यादी लावायची आणि गावनिहाय बेरीज करायची. ताईला जिल्ह्याचा इतिहास माहीत होता, पण पुस्तिका कुठे मिळतील ते माहीत नव्हतं. ती जालना, संभाजीनगर, परभणी अशी महिनाभर फिरली. तास बुडाले, म्हणजे पैसे बुडाले. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे ते सोडा, पण बुडालेला दिवस काही अर्धा होत नाही. शेवटी कळलं, की जनगणनेच्या जुन्या जिल्हा पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात.

हे सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. ते दोन मिनिटांत सांगणारा जो माणूस, त्यालाच ग्रंथपाल म्हणतात. मोठ्या विद्यापीठांत परदेशात विषयवार ग्रंथपाल असतात, त्यांची वेळ घेऊन विद्यार्थी जाऊन बसतात आणि विचारतात की माझा असा असा विषय आहे, कुठून सुरुवात करू? आणि हे काही परदेशी खूळ नाही. आपल्याच रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहिली, त्यातलं एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. दर १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. हार घालून झाला की वाचकाला महिनाभर एसटीने फिरवतो.

आता नेहमीचे आक्षेप. आमच्या ग्रुपवर हे सगळं बोललो तेव्हा आलेलेच देतो.

पहिला: "अरे, सगळं गूगलवर आहे." नाही रे बाबा. प्रबंधांचंच घे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर चढवावे लागतात. लाखो प्रबंध तिथे फुकट आहेत, फार मोठं काम आहे ते. पण मराठी प्रबंध शोधून बघ. कित्येक जुने प्रबंध श्रीलिपी किंवा तसल्याच फाँटमध्ये टाइप केलेले. पडद्यावर 'दुष्काळ' दिसतो, पण फायलीच्या आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. काही तर नुसतेच स्कॅन. त्यामुळे 'दुष्काळ' शोधलं की ते येतच नाहीत. आणि गंमत बघ, असल्या फायलीत साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तरी काय वाचणार? त्याला कचराच दिसणार. यूनिकोडमध्ये प्रामाणिकपणे टाइप करणाऱ्याचे टक्के मोजले जाणार आणि जुन्या फाँटवाला आरामात सुटणार. हे आपल्या धंद्यातल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. विद्यापीठात हे कुणी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतं का, की बाई गं, यूनिकोडमध्येच टाइप कर?

दुसरा: "साय-हब आहे की." होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली ते ब्लॉक करायचा आदेश दिला. आणि तसंही, ज्या गोष्टीचे पैसे सरकारने भरलेत ती विद्यार्थ्याने चोरून का वाचावी?

तिसरा, सगळ्यात ताजा: "आता एआय आहे, लायब्ररी हवी कशाला?" ताईनेही विचारलं होतं एआयला. मोसंबी आणि दुष्काळावरचे दहा संदर्भ त्याने झटकन दिले. नावं भारदस्त, वर्षं व्यवस्थित. आम्ही दोघांनी एकेक शोधला. चार अस्तित्वातच नव्हते! तसेच सूचीत घातले असते तर तोंडी परीक्षेत काय झालं असतं? मी दिवसभर एआय वापरतो, मला त्याचं वावडं नाही. पण दिलेला संदर्भ खरा आहे की नाही हे तपासायला शिकवणारा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

चौथा: "आमच्या इथे लायब्ररी भरलेली असते." असते ना. कुणाने? एमपीएससीच्या पोरांनी. जालन्यात काय आणि पुण्यात सदाशिव पेठेत काय, लायब्ररी म्हणजे अभ्यासिका झाली आहे. स्वतःचं पुस्तक, स्वतःची बाटली, महिन्याला खुर्चीचं भाडं. मी इंजिनिअरिंगला असताना तेच केलं, लायब्ररीत पंखा होता म्हणून गेलो. त्या पोरांना जागा मिळायलाच हवी. पण भरलेल्या खुर्च्या मोजून लायब्ररी चालू आहे असं समजू नका.

मग करायचं काय? फार काही नाही.

एक, पीएचडीची नोंदणी झाली त्याच दिवशी घरून चालणारं लॉगिन. वेगळा अर्ज नको, प्रवेशाच्या पावतीबरोबरच द्या.

दोन, कोर्सवर्कमध्ये कपाटं दाखवण्याऐवजी शोध कसा घ्यायचा, संदर्भ कसे सांभाळायचे, यूनिकोडमध्ये कसं लिहायचं हे हाताने करून घ्या. मराठीतून.

तीन, साम्य तपासणी पहिल्या प्रकरणापासून विद्यार्थ्याला स्वतः करू द्या, कुणीतरी शेजारी बसून अहवाल समजावून सांगा. शेवटचा शिक्का मग आपोआप मिळेल.

चार, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि रविवारचे दोन तास, फोनवर किंवा व्हिडिओवर, ग्रंथपाल भेटला पाहिजे. नोकरी करणारी माणसं, लेकराबाळांच्या बायका कामाच्या दिवशी अकरा ते पाच येऊ शकत नाहीत.

पाच, रिकाम्या खुर्च्या भरा. याच्याशिवाय वरचे चारही मुद्दे हवेत.

खरा खर्च पाचव्यालाच आहे, आणि तो सहा हजार कोटींच्या जवळपासही जात नाही.

शेवटचं सांगतो. ताईने निघताना डबा दिला आणि म्हणाली, "तू होतास म्हणून झालं बघ." तिने कौतुकाने म्हटलं, पण मला ते झोंबलं. आयटीतला भाऊ असणं ही काय पीएचडीची पात्रता आहे? परतूरमधून, मंठ्यातून, भोकरदनमधून जी पोरं-पोरी प्रबंध लिहिताहेत, ज्यांच्या घरात शिकलेली हीच पहिली पिढी आहे, त्यांनी कुणाला हाक मारायची? २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशापासून सहा वर्षं मिळतात. पुढे मुदतवाढ आहे, बायकांना थोडी जास्त आहे. पण ताईची चार गेली. त्यातला किती वेळ मोसंबीवर गेला आणि किती वेळ दारं शोधण्यात गेला?

तुमच्या घरात, नात्यात कुणी पीएचडी करत असेल तर आज फोन करा आणि एवढंच विचारा: "घरून जर्नल उघडतं का?" नाही म्हणाले तर तुम्ही मदत कराच. पण तेवढ्यावर थांबू नका, त्यांच्या विद्यापीठाला लेखी विचारायला लावा की लॉगिन का दिलं नाही.

मी निघतो. रात्री नऊला ताईचा व्हिडिओ कॉल आहे, राहिलेल्या नोंदी चढवायच्या आहेत.